नॉर्वेच्या डोंगरात लाल ‘टी’ कोण रंगवतं?

प्रश्न असा आहे: “जुलैत योटुनहाइमेनच्या डोंगररांगेत पाच दिवस चाललो. वाटभर दगडांच्या राशींवर लाल रंगातला ‘टी’ दिसत होता. ओलाव्सबू नावाच्या हटमध्ये, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात, पोचलो तर तिथे राखणदार कुणीच नाही. पण सरपण फोडून ठेवलेलं, कोठीत खाण्याचे डबे, भिंतीवर दरपत्रक. खाल्लं, झोपलो, पैसे आपले आपण भरले आणि निघालो. हे सगळं कोण करतं, सरकार? हा विश्वासाचा कारभार खरंच चालतो, की इथली माणसं जात्याच प्रामाणिक आहेत? सह्याद्रीत असं काही जमेल का? आणि पुढच्या वर्षी नोकरीसाठी दोन वर्षं नॉर्वेला येतोय, तर मला या कामात हात लावता येईल का?”

मी सतरा वर्षं पश्चिम नॉर्वेत राहते. पोटापाण्याचं काम पुलांच्या डिझाइनचं. उन्हाळ्यातल्या बऱ्याचशा सुट्ट्या मात्र पंधरा वर्षं डोंगरवाटांच्या खुणा रंगवण्यात आणि हट्सची देखभाल करण्यात गेल्या आहेत. प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं, कारण “माणसं प्रामाणिक आहेत म्हणून चालतं” हा समज आपल्याकडे पक्का आहे आणि त्यात खरं काम झाकलं जातं.

आधी कोण करतं ते. सरकार नाही. हे काम डेन नॉर्स्के तुरिस्तफोरेनिंग ही संघटना करते. इथे सगळे तिला नुसतं डीएनटी म्हणतात. नावात ‘तुरिस्त’ असलं तरी ती पर्यटन कंपनी नव्हे, चालणाऱ्या सभासदांची संघटना आहे. 21 जानेवारी 1868 रोजी ती ओस्लोत स्थापन झाली. तेव्हा शहराचं नाव ख्रिस्तियानिया होतं. पुढाकार टोमास हेफ्ट्ये या बँकमालकाचा, आणि सुरुवातीचे सभासद 223. हेफ्ट्येचं म्हणणं साधं होतं: आपल्या देशात जे भव्य आणि सुंदर आहे ते पुष्कळ लोकांना येऊन पाहता यावं, म्हणून तिथे जाणं सोपं आणि स्वस्त करू या. ‘स्वस्त’ हा शब्द बँकमालकाच्या तोंडी आला, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. त्याच वर्षी तेलेमार्कमधल्या रयुकान धबधब्याजवळ क्रोकान इथे पहिली हट झाली. 1871 मध्ये येंदे तलावाच्या वरच्या टोकाला येंदेबू उभी राहिली, आणि ती आजही चालू आहे. योटुनहाइमेनमध्ये होतात म्हणजे तो हिरवट निळा तलाव तुम्ही पाहिलाच असेल.

आज संघटनेचे तीन लाखांहून जास्त सभासद आहेत. देशाची लोकसंख्या साधारण 55 लाख, म्हणजे ढोबळमानाने अठरा माणसांमागे एक सभासद. 550 हून अधिक हट्स, सुमारे 22,000 किलोमीटर खुणांच्या उन्हाळी वाटा आणि हिवाळ्यात स्कीवर जाणाऱ्यांसाठी जवळपास 7,000 किलोमीटर फांद्या रोवून आखलेल्या वाटा. ओस्लोत मुख्य कार्यालय आहे, पण वाटा आणि हट्स बहुतेक करून पन्नासहून अधिक स्थानिक संघटनांच्या ताब्यात असतात. त्यातली एखादी लाखभर सभासदांची, तर एखादी दोन दऱ्यांपुरती. पैसा सभासदांच्या वर्गणीतून, हटमधल्या मुक्कामाच्या भाड्यातून, देणग्यांमधून येतो. सरकारी मालकीच्या लॉटरी कंपनीच्या नफ्यातला वाटा आणि काही अनुदानंही मिळतात. पण ही सगळी मेहनत नॉर्वेच्या मजुरीच्या दराने विकत घ्यायची म्हटली, तर दोन वर्षांत वाटा पुसून जातील.

ती मेहनत येते दुगनादमधून. हा शब्द नॉर्वेत आलेल्या प्रत्येकाच्या कानावर पहिल्या महिन्यातच पडतो. गावातल्या एकाचं छप्पर शाकारायचं आहे, गवत कापायचं आहे, की सगळं गाव येतं, काम उरकतं आणि घरधनी जेवू घालतो. आपल्याकडच्या इर्जिकीची आठवण यावी असं हे प्रकरण आहे. इथे शहरं झाली, छपरं ठेकेदार घालू लागले, तरी दुगनाद टिकला. सोसायटीचं अंगण झाडायला दुगनाद, मुलांच्या बँडसाठी केक विकायला दुगनाद आणि डोंगरात वाट नीट करायलाही दुगनाद.

आता खुणांबद्दल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझा जीव त्यातच आहे.

लाल टी दिसायला पोरखेळ वाटतो. डबा घेतला, ब्रश घेतला, दगडावर दोन रेघा ओढल्या. प्रत्यक्षात दिवसाला तीनचार किलोमीटर झाले तरी आम्ही खूश असतो. आधी दगड निवडायचा. तो चालणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत हवा, घरंगळणारा नको, आणि त्याचं तोंड वाटेकडे हवं. एक टी जाणाऱ्यासाठी, दुसरा उलट बाजूने येणाऱ्यासाठी. नवखे हटकून दुसरा विसरतात. दगडावरचं दगडफूल तारेच्या ब्रशने काढायचं, पण फक्त अक्षराएवढं, कारण ते पुन्हा वाढायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. दगड ओला असेल तर रंग धरत नाही. पश्चिम नॉर्वेत दगड ओला नाही असे दिवस मोजकेच, त्यामुळे अनेकदा आम्ही दोन दिवस हटमध्ये बसून आभाळाकडे पाहतो आणि तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं काम उरकतो.

जिथे मोठे दगड नाहीत तिथे रास रचावी लागते. तिला इथे वार्दे म्हणतात. माझं आजोळ राजापूरकडचं. लहानपणी मामाच्या मागे मागे राहून मी गडगा, म्हणजे दगडी कुंपण, रचताना पाहिला होता: मोठा दगड तळाला, लांब दगडाचं टोक आत, प्रत्येक थर किंचित आतल्या बाजूला कललेला, फटींत बारीक कपच्या ठोकलेल्या, चुना नाही की माती नाही. वार्देची रीत हुबेहूब तीच आहे. फरक एवढाच की गडग्याला पावसाची काळजी, तर वार्देला बर्फाची. हिवाळ्यात बर्फाचा थर उतारावरून कणाकणाने सरकतो आणि वाटेत येईल ते बरोबर ढकलत नेतो. गोल दगडांची, हौसेने उंच चढवलेली रास एका हिवाळ्यात बसते. रुंद बुडाची, कमरेएवढी, कुरूप दिसणारी रास पन्नास वर्षं उभी राहते.

मग दोन खुणांमधलं अंतर. हे मी चूक करून शिकले. तिसऱ्या उन्हाळ्यात आमच्या गटाने एका खिंडीखालचं सपाट, खडकाळ पठार आखलं. लख्ख ऊन होतं. एका राशीपासून पुढची रास दिसते आहे हे आम्ही प्रत्येक वेळी पाहत होतो आणि ती पार लांबूनही दिसत होती. दगड वाहून कंबर मोडली होती, तेव्हा अंतर वाढलं की बरंच वाटायचं. ऑगस्टमध्ये एक बाप आणि त्याची शाळकरी मुलगी धुक्यात त्या पठारावर आले. दोन राशींच्या मध्ये त्यांना मेंढ्यांची वाट लागली. नॉर्वेत उन्हाळाभर मेंढ्या डोंगरात मोकळ्या सोडलेल्या असतात आणि त्यांच्या वाटा खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात. सह्याद्रीत ढोरवाटेने चकवा खाल्लेल्या कुणालाही हे कळेल. ती दोघं चुकीच्या दरीत उतरली आणि रात्र एका कपारीत काढून सकाळी धुकं उठल्यावर परत वर आली. त्यांना काही झालं नाही. हटच्या वहीत बापाने दोनच ओळी लिहिल्या होत्या: कुठे खूण हरवली आणि किती वाजता. कुणाला दोष दिला नव्हता.

आमच्या गटप्रमुख बाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. त्यांनी ती वही आम्हाला वाचायला लावली आणि सप्टेंबरात मुद्दाम धुक्याच्या दिवशी त्याच पठारावर नेलं. एकाने शेवटच्या राशीजवळ उभं राहायचं. दुसऱ्याने पुढे चालत जायचं. मागे वळून पाहिल्यावर उभा असलेला माणूस विरघळायला लागला की दोन पावलं मागे यायचं आणि तिथे रास रचायची. त्या दिवशी आम्ही त्या पठारावर राशींची संख्या जवळपास दुप्पट केली. तेव्हापासून कुठलीही नवी आखणी मी चांगल्या हवेत पक्की करत नाही. ऊन असताना वाट कुणालाही सापडते. खूण लावायची ती धुक्यातल्या, थकलेल्या, चष्म्यावर पाणी आलेल्या माणसासाठी.

म्हणूनच वाटेत हौसेने दगडावर दगड रचून फोटो काढणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, की ते करू नका. तुमच्या दृष्टीने ती आठवण असते, धुक्यातल्या माणसाला ती खूण वाटते. आम्ही अशा राशी दिसतील तिथे मोडतो. उलट जुन्या राशींना हात लावत नाही. हार्डांगरविद्दाच्या पठारावरून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या शेकडो वर्षांच्या व्यापारी वाटा आहेत, त्यांच्या कडेला त्या काळचे दगड अजून उभे आहेत. 1537 पूर्वीचं असं जे काही असेल त्याला इथल्या कायद्याने आपोआप संरक्षण आहे. त्यातला एक दगडही नव्या राशीसाठी उचलता येत नाही.

हिवाळी वाटा वेगळ्या असतात हे आपल्या लोकांना माहीत नसतं. उन्हाळ्यातली वाट तीव्र उताराखालून जात असेल तर हिवाळ्यात तिथे हिमकडा कोसळू शकतो. आणि उन्हाळ्यात वळसा घालावा लागणारा तलाव हिवाळ्यात गोठलेला असतो, सरळ ओलांडता येतो. लाल टी तेव्हा बर्फाखाली गेलेले असतात. मग ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत बर्चच्या फांद्यांचे भारे घेऊन आमचे लोक स्कीवर किंवा स्नोस्कूटरवर निघतात आणि बर्फात रांगेने फांद्या रोवतात. अलीकडे काही ठिकाणी बांबू वापरतात. तो टिकतो, पण मोसम संपल्यावर परत गोळा करावाच लागतो. बर्चची फांदी तिथेच कुजली तरी काही बिघडत नाही. मला फांदीच बरी वाटते.

पुलांचं तर माझ्या पेशामुळे माझ्याकडेच येतं. डोंगरातले बरेच छोटे पूल उन्हाळ्यापुरते असतात. शरद ऋतूत फळ्या काढून काठावर बांधून ठेवायच्या, कारण वितळणाऱ्या बर्फाचा लोंढा आणि बर्फाचे तुकडे त्या मोडून नेतात. जून उजाडला की पुन्हा घालायच्या. दरवर्षी जूनच्या सुरुवातीला कुणीतरी परदेशी ट्रेकर नकाशावरचा पूल शोधत नदीकाठी उभा असतो. डीएनटीच्या यूटी डॉट एनओ या नकाशांच्या संकेतस्थळावर पूल आणि हट्सची माहिती असते. निघण्यापूर्वी पाच मिनिटं ती पाहिलीत तर नदीत उतरायची वेळ येत नाही. पूल नसेल तर परत फिरावं. 1967 च्या ईस्टरमध्ये नॉर्वेच्या डोंगरात 18 माणसं गेली. त्यानंतर डीएनटी आणि रेड क्रॉसने डोंगरातल्या शहाणपणाचे नऊ नियम घरोघरी पोचवले. 2016 मध्ये ते सुधारून लिहिले गेले, पण आठवा नियम आजही शाळकरी पोराला पाठ असतो: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही.

आता हट आणि तो विश्वास.

हट्स तीन तऱ्हेच्या. काहींत माणसं असतात: संध्याकाळी सगळे एका वेळी जेवायला बसतात, सकाळी न्याहारीच्या टेबलावरूनच आपला दुपारचा डबा बांधून घ्यायचा, थर्मास भरून घ्यायचा. दुसऱ्या आपलं आपण करायच्या. तुम्ही राहिलात ती ओलाव्सबू तशी. तिथे कोठी असते: सुकी सूपं, तांदूळ, पास्ता, टिनमधले मटणाचे आणि माशांचे गोळे, कुरकुरीत ब्रेड, जॅम, कॉफी. तिसऱ्या तऱ्हेत चूल, सरपण, भांडी, अंथरूण आहे, खाणं आपलं आपण न्यायचं. माणसं नसलेल्या बहुतेक हट्सना एकच ठरावीक किल्ली लागते आणि ती किल्ली सभासदाला अनामत ठेवून मिळते. पूर्वी पैसे भरायला एक कागद असायचा. नाव, पत्ता, किती रात्री, काय खाल्लं ते लिहून भिंतीतल्या पेटीत टाकायचं. बिल मागाहून घरी. आता बहुतेक लोक ॲपवरून भरतात.

माणसं जात्याच प्रामाणिक असतात का? नाही. बुडवणारे इथेही आहेत. शरदात कोठी मोजायला आम्ही जातो. एकजण फळीवरचे डबे मोजतो, दुसरा तारखा बघतो, तिसरा हिशेब लिहितो. डबे आणि जमा झालेले पैसे यांचा मेळ दरवेळी बसत नाही. रस्त्यापासून तासाभरावर असलेल्या हटमध्ये तूट जास्त, दोन दिवस आत असलेल्या हटमध्ये जवळपास नाही. इथेच उत्तर आहे असं मला वाटतं. दोन दिवस चालून आलेल्याला माहीत असतं की हा सूपचा पुडा इथे उडत आलेला नाही. सामान उन्हाळ्याआधी, जमीन गोठलेली असताना स्नोस्कूटरला घसरगाडी जोडून आणतात, नाहीतर हेलिकॉप्टरने. वहीत तुम्ही नाव लिहिता, कुठून आलात आणि उद्या कुठे जाणार हेही लिहिता. ती वही मुख्यतः शोधकार्यासाठी आहे, पण नाव लिहिलेला माणूस वेगळा वागतो. किल्ली तुमच्या नावावर आहे. आणि हट नीटनेटकी आहे: लाकूडपेटी भरलेली, पाण्याच्या बादल्या भरलेल्या, केरसुणी जागेवर. आधीच्याने तुमच्यासाठी फोडलेल्या लाकडावर तुम्ही तुमचे मोजे वाळवलेत, मग निघताना लाकडं फोडल्याशिवाय पाय निघत नाही. तुम्हीही फोडलीच असतील.

म्हणजे हा विश्वास हवेत नाही. तो ह्या पन्नास बारक्या सोयींवर उभा आहे आणि दरवर्षी कुणीतरी त्या सोयी दुरुस्त करतो म्हणून टिकतो. एका हटमध्ये तूट वाढली तेव्हा आमच्याकडे वाद झाला. कोठीला कुलूप घालावं असं काहींचं मत होतं. आम्ही कुलूप घातलं नाही. माळ्यावर गेलेलं दरपत्रक कोठीच्या दाराला डोळ्यांच्या उंचीवर लावलं, पैसे कसे भरायचे ते चार भाषांत लिहिलं, महागड्या डब्यांचा साठा कमी केला. बऱ्याच परदेशी पाहुण्यांना पैसे भरायचे असतात हेच कळत नव्हतं. तूट बरीच कमी झाली.

एका बदलाबद्दल मात्र माझं मन साशंक आहे. कोविडच्या काळापासून हट्समध्ये आगाऊ बुकिंग रुजलं. त्याआधी रीत अशी की येईल त्याला छप्पर. पलंग संपले की जमिनीवर गादी, गाद्या संपल्या की जेवणघरातली बाकडी. आजही बऱ्याच हट्समध्ये काही पलंग बुकिंगशिवाय येणाऱ्यांसाठी राखलेले असतात आणि अडलेल्याला बाहेर कुणी ठेवत नाही. लहान मुलं घेऊन येणाऱ्यांना बुकिंगने धीर मिळाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ज्याचा उद्याचा पलंग दुसऱ्या हटमध्ये ठरला आहे, तो वारा सुटलेला असतानाही निघतो. पूर्वी तो चुलीजवळ आणखी एक दिवस बसला असता. तुम्ही बुकिंग केलंत तर एक दिवस रिकामा ठेवून करा.

कायद्याचं थोडक्यात. 1957 च्या कायद्याने नॉर्वेत डोंगर-रानातून कुणालाही पायी जाता येतं, जमीन कुणाचीही असो. वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर लांब तंबूही ठोकता येतो. मात्र चालण्याचा हक्क म्हणजे खुणा लावण्याचा हक्क नव्हे. रंगाचा एक ठिपका लावायचा तरी जमीनमालकाची परवानगी लागते, राष्ट्रीय उद्यानात व्यवस्थापनाचीही. आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसणं. कुणाच्या मेंढ्या कुठे चरतात, कुठलं फाटक उघडं राहतं, कुत्री मोकळी सोडणाऱ्यांचं काय करायचं. त्या टेबलावर मन दुखावलं गेलं तर पुढची वीस वर्षं वाट अडते.

आणि कधी वाट पुसावीही लागते. नॉर्वेच्या उंच पठारांवर रानटी रेनडिअरचे कळप आहेत. माणसांची सततची रांग असलेली वाट ते ओलांडत नाहीत, त्यामुळे त्यांची चरायची कुरणं तुकड्यातुकड्यांत तुटतात. 2016 मध्ये नूरफ्येला या डोंगरभागात रेनडिअरला मेंदूचा एक जीवघेणा रोग सापडला. युरोपातली ती पहिलीच नोंद. रोग पसरू नये म्हणून तिथला सुमारे दोन हजारांचा अख्खा कळप मारावा लागला. त्यानंतर उरलेल्या कळपांची काळजी सगळ्यांनाच अधिक वाटू लागली. काही हट्स पिलं जन्मायच्या दिवसांत बंद ठेवतात, काही वाटा दुसरीकडे वळवल्या. मी स्वतः एका जुन्या वाटेवरचे टी राखाडी रंगाने झाकले आहेत, राशी उतरवून दगड पसरून दिले आहेत. जड गेलं. पण संध्याकाळी उतरताना समोरच्या उतारावर चाळीसेक रेनडिअर बर्फाच्या चट्ट्यावर उभे दिसले, तेव्हा आमच्यातलं कुणीही बराच वेळ बोललं नाही.

गर्दीच्या वाटांचा प्रश्न उलटा. प्रायकेस्टोलेनच्या 604 मीटर उंच कड्यावर वर्षाला लाखो माणसं जातात. चिखल टाळायला प्रत्येकजण दोन पावलं बाजूने चालतो आणि वाट रुंदावत जाते, खालची काळी माती वाहून जाते. या शतकाच्या सुरुवातीपासून नेपाळचे शेर्पा उन्हाळ्यात इथे येऊन दगडी पायऱ्या बांधतात. उत्तरेकडच्या त्रोम्स्यो शहराजवळ त्यांनी बाराशेहून अधिक पायऱ्यांची अख्खी वाट बांधली आहे. त्यांचं काम पाहताना मी तासन्तास उभी राहिले आहे. दगडाला हात लावण्याआधी ते त्याच्याकडे बराच वेळ बघतात. डोंगराला पायऱ्या म्हणजे डोंगर बाटवणं असं काही जुने सभासद म्हणतात. आतल्या, विरळ वाटांबाबत ते मला पटतं. गर्दीच्या वाटेवर पायरी हीच डोंगराची राखण आहे.

छोट्या गावाची ताकद पाहायची असेल तर लूस्तरमधल्या तुंगेस्तोलेनला जा. 2011 च्या नाताळात दागमार वादळाने तिथली हट मोडून टाकली. स्थानिक संघटनेने हार मानली नाही. गावाने हातभार लावला, पैसे उभे केले आणि 2019 मध्ये नवी हट राणी सोन्या यांच्या हस्ते उघडली.

सह्याद्रीबद्दल. हटचा आराखडा उचलून तिकडे नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथे एका हटपासून दुसरीपर्यंत दिवसभरात घर दिसत नाही, म्हणून हट लागते. आपल्याकडे पायथ्याला गाव आहे. हरिश्चंद्रगडाला जाताना पाचनईत एखाद्या घरी पिठलं-भाकरी मिळते, तीच आपली माणसं असलेली हट. वर शेजारीच दुसरी इमारत बांधून त्या घरचं उत्पन्न तोडण्यात अर्थ नाही. उचलण्यासारखी आहे ती खूण लावायची शिस्त: एका गडाच्या एका वाटेला एकच रंग, एकच गट जबाबदार, दरवर्षी पावसाळा सरल्यावर फेरी, आणि चुकीचे बाण पुसायचं काम लावण्याइतकंच महत्त्वाचं मानणं. आज काही गडांवर वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या वर्षी काढलेले बाण एकमेकांच्या उलट दिशा दाखवतात. गावातला गुराखी बरोबर असल्याशिवाय कुठलीही खूण लावू नये. ढोरवाट कुठली आणि माणसाची वाट कुठली, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही.

तुम्ही येताय त्याचं. येताच स्थानिक संघटनेचे सभासद व्हा आणि किल्लीची अनामत भरा. भाषा येत नसली तरी चालेल. दगड उचलायला भाषा लागत नाही आणि विश्रांतीत कॉफी पिताना दोन शब्द आपोआप येतात. मी नॉर्वेजियन बोलायला भाषेच्या वर्गापेक्षा जास्त हटच्या छपरावर शिकले. दुगनादच्या तारखा वसंतात जाहीर होतात. पहिल्या वर्षी खुणांचं काम मागू नका. हटचं मागा: धुराडं साफ करणं, संडासाची टाकी उपसणं, गाद्या उन्हात घालणं, लाकूड रचणं. हट कशी चालते ते हाताला कळलं की वाट कशासाठी आहे तेही कळतं. दुसऱ्या वर्षी कुणीतरी आपणहून तुमच्या हातात ब्रश देईल. जेवण, मुक्काम आणि हत्यारं बहुतेक वेळा संघटनेची असतात.

आमच्याकडे पूल घालायचं काम जूनच्या सुरुवातीला निघतं. पाणी तेव्हा बर्फाचं असतं आणि फळ्या ओल्या झाल्या की दुप्पट जड लागतात. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, लोकरीचे दोन जोड मोजे आणि जाड हातमोजे एवढं तुमचं तुम्ही आणा. पहार, पाने आणि दोर आमच्याकडे आहेत.